तातडीची मालवाहतूक आणि वाहनाची निवड : अमेरिकेतील बॉक्स व्हॅनचा ऐतिहासिक मागोवा

प्रस्तावना :

मालवाहतुकीचा इतिहास लिहिताना रेल्वे, बंदरे व महामार्ग यांचा विचार विस्ताराने केला जातो. वाहन कोणी आणि कोणत्या हिशेबाने विकत घेतले, हा प्रश्न मात्र बहुधा दुर्लक्षित राहतो. अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांतील तातडीच्या मालवाहतुकीत तर हाच प्रश्न मध्यवर्ती आहे. या व्यवसायात वाहन बहुतांशी कंपनीच्या मालकीचे नसते. कंपनी काम मिळवून देते आणि कंत्राटी चालक स्वतःच्या पुंजीतून किंवा कर्ज काढून घेतलेली गाडी घेऊन हजर होतो. साधी बंद व्हॅन घ्यावी, व्हॅनच्या चासीवर चौकोनी मालपेटी बसविलेली बॉक्स व्हॅन घ्यावी, की झोपण्याच्या कप्प्यासह मोठा बॉक्स ट्रक घ्यावा, या निवडीत अनेकदा एका कुटुंबाची सारी बचत पणाला लागते. ही निवड मालाच्या आकारापेक्षा कायद्याने आखलेल्या वजनमर्यादांनी अधिक घडविली, हे दाखविण्याचा प्रयत्न प्रस्तुत निबंधात केला आहे.

व्यवसायाचा उदय :

१९३५ च्या मोटार वाहतूक कायद्याने आंतरराज्य ट्रकवाहतूक आंतरराज्य वाणिज्य आयोगाच्या नियंत्रणाखाली आणली. नव्या वाहतूकदाराला आपली सेवा लोकहितासाठी आवश्यक आहे हे आयोगापुढे सिद्ध करावे लागे आणि आधीचे वाहतूकदार त्यास हरकत घेत. १ जुलै १९८० रोजी राष्ट्राध्यक्ष जिमी कार्टर यांनी स्वाक्षरी केलेल्या कायद्याने हे अडसर बऱ्याच अंशी दूर केले. याच सुमारास मोटार उद्योगात साठा न ठेवता लागेल तेव्हा सुटे भाग मागविण्याची जपानी पद्धत रुजू लागली. होंडाच्या ओहायोतील मेरिसव्हिल कारखान्यात १९८२ मध्ये मोटारींचे उत्पादन सुरू झाले, टोयोटाच्या केंटकीतील कारखान्यात १९८८ मध्ये. कोठारात साठा नसला की एका पुरवठादाराच्या विलंबाने सारी जुळणी थांबू शकते. अशा वेळी दोन पॅलेट भागांसाठी शेकडो मैल स्वतंत्र गाडी धाडणेही परवडते. माल वाटेत कोठेही न उतरविता, दुसऱ्या मालात न मिसळता, थेट दारापर्यंत नेणे हे या सेवेचे वैशिष्ट्य होय. टायर उद्योगाचे केंद्र असलेल्या ॲक्रन येथे १९४७ मध्ये सुरू झालेली रॉबर्ट्स कंपनी या क्षेत्रात अग्रेसर ठरली. १९९८ मध्ये ती फेडएक्स समूहात गेली आणि पुढे फेडएक्स कस्टम क्रिटिकल या नावाने ओळखली जाऊ लागली.

पॅलेट आणि मालधक्का :

अमेरिकेतील प्रचलित पॅलेट ४८ इंच लांब व ४० इंच रुंद असते. बंद व्हॅनमध्ये मागच्या चाकांचे फुगवटे मालकप्प्यात शिरलेले असतात. त्यांच्यामधून पॅलेट जेमतेम सरकते व एकामागे एक अशी तीनच पॅलेट मावतात. बॉक्स व्हॅनची पेटी चासीच्या वर बसत असल्याने तिची जमीन सपाट राहते आणि दोन पॅलेट शेजारी-शेजारी ठेवता येतात. कारखान्यांतील मालधक्के सुमारे ४ फूट उंच असतात. मोठ्या बॉक्स ट्रकची जमीन त्या उंचीला येते व फोर्कलिफ्ट सरळ आत जाते. बुटक्या व्हॅनमध्ये मात्र माल धक्क्यावरून खाली उतरवून भरावा लागतो. एवढ्यावरून बॉक्स व्हॅनच सरस, असे वरवर पाहता वाटेल.

परंतु पेटीलाही वजन असते. एकूण वजनाची मर्यादा तीच ठेवली तर पेटी जितकी मोठी, तितके मालाचे वजन कमी होते. सपाट उभ्या दर्शनी भागामुळे वाऱ्याचा अडथळा वाढून इंधनही जास्त लागते. मोबदला साधारणपणे भरलेल्या मैलांवर मिळतो. माल पोहोचवून रिकामे परतताना जळणारे इंधन चालकाच्याच माथी येते. त्यामुळे अधिक जागा देणारी ही गाडी भाडे न मिळाल्यास अधिक तोटाही देत असे.

दहा हजार पौंडांची रेघ :

आंतरराज्य मालवाहतुकीसाठीच्या संघीय सुरक्षा नियमांनुसार १०,००१ पौंड (सुमारे ४,५३६ किलो) वा अधिक निर्धारित एकूण वजनाचे वाहन व्यावसायिक मानले जाते. त्याखालील वाहनाला, धोकादायक मालाचे फलक लावावे लागत नसतील तर, चालनतासांची संघीय मर्यादा लागू होत नाही. दुसरी रेघ २६,००१ पौंडांची. १९८६ च्या कायद्यानुसार तेथून पुढे व्यावसायिक चालक परवाना लागतो आणि ही अट १ एप्रिल १९९२ पासून अमलात आली.

या दोन आकड्यांनी बाजार तीन भागांत विभागला. हजार मैलांची खेप ताशी सरासरी ५० मैलांनी २० तासांची होते. जानेवारी २००४ पासून लागू झालेल्या नियमानुसार ११ तास गाडी चालविल्यावर सलग १० तास विश्रांती आवश्यक ठरली (तत्पूर्वी ही मर्यादा अनुक्रमे १० व ८ तास होती). म्हणजे एकट्या चालकाचा बॉक्स ट्रक ३० तासांपूर्वी पोहोचू शकत नाही. दोन चालकांची जोडी असेल तर गाडी अखंड चालते. ही जोडी पुष्कळदा पति-पत्नींची असते. पण विश्रांती धावत्या गाडीत घ्यायची तर नियमानुसार किमान ७५ इंच लांब व २४ इंच रुंद झोपेचा कप्पा हवा आणि तो बसविला की गाडीची किंमत वाढते. १०,००० पौंडांखालच्या व्हॅनमध्ये एकटा चालक कायद्याने न थांबता जाऊ शकतो. त्याची झोप हा त्याच्या व ग्राहकाच्या घाईचा प्रश्न राहतो. सुरक्षेच्या दृष्टीने ही सवलत नव्हे, उणीव होती. तथापि, गाडी निवडताना ती नफ्याच्या बाजूला मांडली जाई. मध्यम आकाराची बॉक्स व्हॅन यात कात्रीत सापडली. रेघेखाली राहिली तर मालाची क्षमता तोकडी पडे आणि रेघ ओलांडली तर मोठ्या ट्रकचे सारे नियम लागू होऊनही मोठ्या ट्रकची जागा मिळत नसे.

स्प्रिंटरचे आगमन :

युरोपात १९९५ मध्ये आलेली स्प्रिंटर व्हॅन २००१ मध्ये फ्रेटलायनर आणि २००३ मध्ये डॉज या नावाने अमेरिकेत विकली जाऊ लागली. उंच छतामुळे माणूस आत उभा राहू शके, लांब आवृत्तीत चार पॅलेट मावत आणि पाच सिलिंडरचे २.७ लिटर डिझेल इंजिन इंधनात काटकसर करी. तिच्या ३५०० या प्रकाराचे निर्धारित वजन ९,९९० पौंड ठेवलेले होते. हा आकडा योगायोगाचा म्हणता येणार नाही. या गाडीचा आणखी एक गमतीदार इतिहास आहे. युरोपीय देशांशी कोंबड्यांच्या आयातकरावरून झालेल्या वादात अमेरिकेने १९६४ पासून परदेशी मालवाहू गाड्यांवर २५ टक्के कर बसविला होता. तो टाळण्यासाठी जर्मनीत तयार झालेल्या स्प्रिंटर अंशतः सुट्या करून आणीत आणि दक्षिण कॅरोलायनात पुन्हा जोडीत. कोंबड्यांच्या भांडणाचा भुर्दंड असा ओहायोतील चालकाच्या गाडीपर्यंत येऊन पोहोचला.

मंदी आणि त्यानंतर :

सप्टेंबर २००१ मध्ये अमेरिकेचे हवाई क्षेत्र बंद झाले आणि डेट्रॉइट-विंडसर सीमेवर ट्रकांच्या रांगा लागल्या, तेव्हा जमिनीवरील तातडीच्या वाहतुकीचे मोल नव्याने प्रत्ययास आले. याउलट, ३० एप्रिल २००९ रोजी क्रायस्लरने आणि १ जून २००९ रोजी जनरल मोटर्सने दिवाळखोरी जाहीर केली. जुळणीच थंडावली, तेव्हा तातडीची गरज कोणाला उरणार? कंपन्यांना गाड्या विकाव्या लागल्या नाहीत, कारण त्या त्यांच्या नव्हत्याच. भाडे मिळो न मिळो, कर्जाचे हप्ते मात्र चालकांना भरावेच लागत होते आणि ज्याने मोठी पेटी निवडली होती त्याचा हप्ताही मोठा होता.

फोर्डची ई-मालिकेतील बंद व्हॅन २०१४ मध्ये थांबून तिची जागा युरोपीय घडणीच्या ट्रान्झिटने घेतली. पेटी बसविण्यासाठीची ई-मालिकेची चासी मात्र चालू राहिली. डिसेंबर २०१७ पासून चालनतासांच्या नोंदीसाठी बहुतेक व्यावसायिक वाहनांत इलेक्ट्रॉनिक यंत्र सक्तीचे झाले आणि बॉक्स ट्रकच्या चालकाचे तास वहीतून यंत्रात गेले. ९,९९० पौंडांच्या व्हॅनमध्ये असे यंत्र बसविण्याची सक्ती झाली नाही.