इतिहासाचा धडा : धारवाड १९२१, हुबळी १९९४

इतिहासापासून समाज खरोखर धडा घेतो काय? १ जुलै १९२१ रोजी धारवाडात दारूच्या दुकानासमोरील पिकेटिंगच्या वेळी पोलिसांनी गोळीबार केला. तीन खिलाफत स्वयंसेवक मरण पावले. त्या काळी खिलाफत व असहकार या चळवळी हातात हात घालून चालत होत्या. त्याच धारवाडशेजारच्या हुबळीत १५ ऑगस्ट १९९४ रोजी ईदगाह मैदानावरील ध्वजारोहणाच्या वादातून पुन्हा गोळीबार झाला, पुन्हा माणसे गेली. १९२१ची एकजूट कोणाच्या कामी आली नाही. मात्र २६ जानेवारी १९९५ रोजी अंजुमन-ए-इस्लामने त्याच मैदानावर स्वतः तिरंगा फडकवला आणि ध्वजाचा वाद शमला. जागेच्या हक्काचा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने पुढे २०१० मध्ये दिला. शहाणपणाला मात्र निकालाची वाट पाहावी लागली नाही. तात्पर्य, इतिहास आपण होऊन शिकवत नाही. कोणीतरी शिकायचे ठरवावे लागते. वर्गात या तिन्ही तारखा एकत्रच शिकवल्या पाहिजेत.