हाय-फाय प्रदर्शनात ऐकलेल्या आवाजावर किती विश्वास ठेवावा?

मूळ ध्वनिमुद्रणाशी शक्य तितके प्रामाणिक राहून ते ऐकवणाऱ्या उपकरणांना हाय-फाय म्हणतात. स्पीकर, अॅम्प्लिफायर, टर्नटेबल असे साहित्य बनवणाऱ्या कंपन्या प्रदर्शनांत एकत्र येतात, खोल्या घेतात आणि येणाऱ्यांना आपापली मांडणी ऐकवतात. प्रदर्शन संपले की ‘अमुक खोलीतला आवाज सर्वांत सुंदर होता’, ‘तमुक स्पीकरचा खर्ज फुगीर वाटला’ अशा नोंदी प्रसिद्ध होतात. त्यांच्या आधारे अनेक जण लाखो रुपयांची खरेदी ठरवतात. या नोंदींतले किती श्रेय वा दोष स्पीकरचा आणि किती त्या खोलीचा, हे ओळखता आले तर पैसे वाया जाण्याची शक्यता कमी होते.

प्रदर्शने कुठे भरतात?

या क्षेत्रातले मोठे प्रदर्शन म्हणजे मूळचे जर्मनीतले ‘हाय एंड’. ते १९८२ मध्ये ड्युसेलडॉर्फला सुरू झाले, नंतर बरीच वर्षे फ्रँकफर्टजवळच्या एका हॉटेलात भरत राहिले आणि २००४ मध्ये म्युनिकला गेले. २०२५ नंतर म्युनिक सोडून व्हिएन्नाला जाण्याचा निर्णय आयोजकांनी जाहीर केला. अमेरिकेत शिकागोजवळ शॉमबर्ग येथे ‘अॅक्सपोना’ भरते. तिथे हॉटेलच्या झोपण्याच्या खोल्यांतले पलंग हलवून स्पीकर मांडले जातात. अशी खोली संगीतासाठी बांधलेली नसते. मांडणी करणाऱ्यांना ती जुळवून घ्यायला फार तर एक-दोन दिवस मिळतात. शेजारच्या खोलीतला आवाज भिंतीतून येतो आणि दार सतत उघडत-मिटत राहते.

खर्जावर खोलीचे राज्य

आवाजाचा हवेतला वेग सेकंदाला सुमारे ३४३ मीटर असतो. खोली ५ मीटर लांब असेल, तर समोरासमोरच्या दोन भिंतींमध्ये सुमारे ३४ हर्ट्झला आवाजाची स्थिर लहर तयार होते. ४ मीटर अंतराला हा आकडा सुमारे ४३ हर्ट्झ येतो. या कंपनसंख्यांचे स्वर भिंतीजवळ घुमतात आणि खोलीच्या मध्यावर जवळपास नाहीसे होतात. म्हणून मागच्या खुर्चीवरच्या श्रोत्याला खर्ज जड वाटतो, तर मधल्या खुर्चीवरच्याला तोच स्पीकर पोकळ वाटतो.

लहान खोल्यांत साधारण २०० ते ३०० हर्ट्झच्या खाली जे ऐकू येते, त्यात खोलीचा वाटा फार मोठा असतो. त्यावरच्या पट्टीत स्पीकरचा स्वभाव अधिक स्पष्ट दिसतो. त्यामुळे ‘खर्ज घुमत होता’ ही नोंद बरेचदा त्या खोलीबद्दल असते. ‘गायिकेचा आवाज नाकातून आल्यासारखा वाटला’ ही नोंद मात्र स्पीकरबद्दल असण्याची शक्यता जास्त.

खुर्ची बदलली की चित्र बदलते

दोन स्पीकरमधून सारखाच आवाज एकाच वेळी कानांवर आला, की गायक दोघांच्या बरोबर मध्ये उभा असल्याचा भास होतो. श्रोता थोडा बाजूला सरकला, तर जवळच्या स्पीकरचा आवाज क्षणभर आधी पोहोचतो आणि गायक त्या बाजूला ओढला जातो. खोलीत दहा-बारा खुर्च्या असल्या तरी नेमक्या मध्यावरच्या एक-दोनच असतात. दारात उभे राहून ऐकणाऱ्याचे कान उंच सुरांच्या छोट्या स्पीकरच्या पातळीपेक्षा वर जातात, त्यामुळे त्याला आवाजाचा पोतही वेगळा वाटू शकतो. वाद्यांच्या जागा धूसर वाटल्या असे कोणी लिहिले असेल, तर तो कुठे बसला होता हे आधी पाहावे.

थोडा मोठा आवाज अधिक चांगला वाटतो

१९३३ मध्ये बेल प्रयोगशाळेतील फ्लेचर आणि मन्सन यांनी कानाची संवेदनशीलता मोजली. आवाजाची पातळी कमी असताना कानाला खर्ज फार कमी ऐकू येतो आणि पातळी वाढली की तो भरून येतो, असे त्यात दिसले. त्यामुळे थोड्या मोठ्याने वाजणारी मांडणी भरदार वाटते. एखाद्या डेसिबलचा फरक तर ‘मोठा’ म्हणून जाणवतही नाही, ‘अधिक स्पष्ट’ म्हणून जाणवतो. एकाच अॅम्प्लिफायरला, बटण त्याच जागी ठेवून, ८५ आणि ८८ डेसिबल संवेदनशीलतेचे स्पीकर आळीपाळीने जोडले, तर दुसरा ३ डेसिबलने मोठा वाजतो. पहिल्याला तितके वाजवायला दुप्पट विद्युतशक्ती लागेल. पातळी समान केल्याशिवाय केलेली तुलना म्हणून फसवी ठरते.

डोळेही ऐकतात

१९९४ मध्ये फ्लॉइड टूल आणि शॉन ऑलिव्ह यांनी ४० श्रोत्यांना ४ स्पीकर दोनदा ऐकवले, एकदा स्पीकर समोर दिसत असताना आणि एकदा पडद्याआड. स्पीकर दिसत असताना मोठ्या आणि महाग स्पीकरना चांगले गुण मिळाले व लहान, स्वस्त संच मागे पडला. पडदा आल्यावर हे अंतर बरेच कमी झाले. शिवाय स्पीकर दिसत असताना त्यांची जागा बदलल्याने आवाजात पडलेला फरकही श्रोत्यांना कमी जाणवला. प्रदर्शनात स्पीकर दिसतो, त्याची किंमत पाटीवर असते आणि बनवणारा शेजारी उभा राहून त्याची गोष्ट सांगत असतो. श्रोता प्रामाणिक असला तरी हा परिणाम टळत नाही.

कोणते संगीत वाजवले?

खोली सांभाळणारे बहुधा एक आवाज, एक गिटार, एक डबल बास अशी मोकळी मुद्रणे निवडतात. मोजकी वाद्ये असली की साधारण स्पीकरही सुरेल वाटतो. परीक्षा होते ती गर्दीच्या संगीतात. हिंदुस्थानी संगीत ऐकणाऱ्याच्या हाती यासाठी चांगली साधने आहेत. डग्ग्यावर घेतलेली मींड खर्जातून सलग सरकते. त्यात एखादाच स्वर अचानक फुगला, तर खोलीची स्थिर लहर बोलते आहे असे समजावे. तंबोरा, हार्मोनियम आणि गळा एकत्र वाजताना प्रत्येकाचा पोत वेगळा राहतो का, यावरून मधल्या पट्टीची पारख होते. ओळखीचे मुद्रण पेन ड्राइव्हवर नेऊन ‘हे वाजवाल का?’ असे विचारण्यात संकोच करू नये.

मग नोंदींचा उपयोग काय?

पाच मिनिटांच्या ऐकण्यावरून निकाल देता येत नाही, पण घरी बोलावण्याजोग्या स्पीकरची यादी छाटता येते. मोठ्या पातळीवर आवाज चिरकला, ऐकताना कान थकले किंवा मानवी आवाज कृत्रिम वाटला, तर ती नोंद गंभीरपणे घ्यावी. वेगवेगळ्या खोल्यांत, वेगवेगळ्या अॅम्प्लिफायरवर आणि वेगवेगळ्या श्रोत्यांना एकच गुण किंवा दोष दिसला, तर तो स्पीकरचाच असण्याची शक्यता वाढते. खर्जाबद्दलचे मत मात्र स्वतःच्या खोलीत ऐकेपर्यंत राखून ठेवावे. घरी नेऊन पाहण्याची आणि न जमल्यास परत करण्याची सोय देणारा विक्रेता मिळाला, तर प्रदर्शनातल्या सर्वोत्तम खोलीपेक्षा त्याचा उपयोग अधिक.