संख्यावाचन, मराठी
बोलताना संख्या उच्चारण्याची रीत. काय मोजायचे, यावर शब्द बदलतो. विनोबा भावे यांच्या जन्मगावी, गागोदे बुद्रुकला (ता. पेण, जि. रायगड), भाताच्या लावणीला गडी ‘चौघे’, बाया ‘चौघी’, रोपांच्या जुड्या मात्र ‘चार’. कोरियनमध्येही अशी दुहेरी मोजणी आहे : तास देशी अंकांत, मिनिटे चिनी मुळाच्या अंकांत, साडेतीन वाजले म्हणजे ‘से शी सामशिप पुन’. देशी एकवीस तिथे ‘सुमुल हाना’, सरळ ‘वीस एक’. मराठीत पाठ्यपुस्तके काढणाऱ्या बालभारतीने २०१९ मध्ये दुसरीच्या गणितात ‘एकवीस’च्या जोडीला ‘वीस एक’ दिले, तेव्हा केवढा गदारोळ झाला! वास्तविक पोरे अडखळतात ती ‘एकोणसाठ’पाशी, ऐकू येतो साठ, लिहायचे ५९. दीड, अडीच तर कानानेच शिकायचे.