बुटकी गाडी आणि पाठीचा कणा

मोटार जमिनीच्या जितकी जवळ आणावी तितकी ती वळणावर घट्ट राहते, आणि जितकी जवळ आणावी तितके आत बसणाऱ्याचे हाल वाढतात. हा तंटा शंभरावर वर्षे जुना आहे. मी जन्मभर शाळेत इतिहास शिकवला, गाडीखाली कधी शिरलो नाही. तेव्हा मास्तरांनी हे नसते उद्योग कशाला करावेत, असे घरचे म्हणतीलच. पण आमच्या पुण्याच्या नातवाने मध्यंतरी मला ऐकवले, "आजोबा, स्प्रिंगा दोन वेटोळी कापल्या की गाडी झक्कास खाली बसते." बसते खरी. पण मग आतल्या माणसाचे काय होते, आणि शहाण्या लोकांनी त्यावर काय काय उपाय केले, हे शोधू लागलो तर त्यात चांगला इतिहास सापडला. राजकारण, हट्ट, सूड, सगळे काही आहे त्यात.

आधी मुळातली अडचण. वळणावर गाडी बाहेरच्या अंगाला कलंडू पाहते. वजन उंचावर असेल तर जास्त, खाली असेल तर कमी. म्हणून शर्यतीची गाडी बुटकी हवी. आता स्प्रिंगचा हिशेब पाहा. साध्या स्प्रिंगवर वजन ठेवले आणि ती २५ सेंटीमीटर दबली, तर ते वजन मिनिटाला साधारण ६० झोके घेते. ११ सेंटीमीटर दबली तर ९०, आणि ६ सेंटीमीटरच दबली तर १२०. माणसाला ६० ते ८० झोके सोसतात, पाळण्यासारखे वाटतात. १२० च्या पुढे गेले की गाडी "हाणते". म्हणजे सुखासाठी स्प्रिंग मऊ हवी, मऊ स्प्रिंगला दबायला जागा हवी, आणि गाडी खाली आणली की नेमकी तीच जागा आपण खाऊन टाकतो. मग खड्डा आला की चाक वर जाऊन शेवटच्या रबरी ठोकळ्यावर आदळते. ते टाळायचे तर स्प्रिंग कडक करा. कडक केली की हाणते. झाले!

स्प्रिंग कापणाऱ्यांच्या ध्यानात एक गोष्ट येत नाही. वेटोळी कमी झाली की स्प्रिंग नुसती आखूड होत नाही, कडकही होते. आठातली दोन कापलीत तर उरलेली सहा वेटोळी पहिल्यापेक्षा तिसऱ्या हिश्श्याने जास्त कडक. शिवाय शॉकअप असतो जुन्या स्प्रिंगच्या मापाचा. त्याला ही नवी नाठाळ स्प्रिंग आवरत नाही. त्यामुळे गाडी आधी आदळते आणि मग उड्या मारत राहते.

सुरुवातीच्या मोटारी म्हणजे घोडा काढलेल्या बग्ग्याच. खाली आस, आसावर कमानपाटे, पाट्यांवर सांगाडा आणि सांगाड्यावर माणसे, अशी माडीवर माडी. अमेरिकेतल्या इंडियानापोलिसच्या एका कंपनीने १९०७ च्या सुमारास ही उतरंडच उलटी केली. सांगाडा आसाच्या वर ठेवण्याऐवजी खाली टांगला. गाडीचे नावच पडले 'अंडरस्लंग'. चाके मात्र ४० इंची, त्यामुळे ती लांबून एखाद्या कोळ्यासारखी दिसत असे. पाट्यांना हात न लावता गाडी खाली आली, ही त्यातली खरी हुशारी. पुढे १९२२ साली इटलीच्या विंचेन्झो लान्चाने 'लाम्ब्दा' आणली. तिला वेगळा सांगाडाच नाही, सगळे अंग होडीसारखे एकसंध. मागच्या चाकांकडे जाणारा दांडा मधल्या बोगद्यातून नेला आणि माणसांना त्याच्या दोन्ही बाजूंना खाली बसवले. पुढची दोन्ही चाकेही आपापली स्वतंत्र वरखाली होत. एक चाक दगडावर चढले तर दुसऱ्याला धक्का नाही. म्हणजे गाडी बुटकी करायची तर स्प्रिंगच्या मानेवर बसू नका, माणसाचे बूड खाली न्या. १९२२ साली एका माणसाला हे कळले होते, आणि आज गॅरेजात करवत घेऊन बसलेल्या पोरांना कळत नाही. असो.

दुसरा माणूस मॉरिस ऑली. हा इंग्रज, रोल्स-रॉइसमध्ये घडलेला, आणि १९३० साली अमेरिकेत कॅडिलॅककडे गेलेला. त्याने एक मोठी थोरली गाडी घेतली, तिच्या पुढे आणि मागे हलवता येतील अशी वजने लावली, आणि स्प्रिंगा व वजने बदलत बदलत माणसांना तिच्यातून फिरवले. लोकांना नेमके काय सोसत नाही ते त्याला शोधायचे होते. निष्कर्ष असा निघाला की माणसाला नुसते वरखाली होणे फारसे टोचत नाही, टोचते ते घोड्यासारखे पुढेमागे डुलणे. उंचवटा आधी पुढच्या चाकाला लागतो, मग मागच्याला. मागची स्प्रिंग पुढचीपेक्षा थोडी चपळ ठेवली तर मागचा झोका पुढच्याला गाठतो आणि गाडी सपाट राहून वरखाली होते. त्यासाठी पुढची स्प्रिंग मऊ हवी, आणि ती मऊ ठेवायची तर पुढची चाके स्वतंत्र हवीत. १९३४ च्या कॅडिलॅक आणि ब्यूकमध्ये तशी ती आली. पुढे हाच ऑली म्हातारपणी १९५३ च्या कॉर्व्हेट या स्पोर्ट्स गाडीच्या चॅसीच्या कामात होता.

आता या गोष्टीचा नायक. कॉलिन चॅपमन, जन्म १९२८, लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात बांधकामाच्या अभियांत्रिकीचे शिक्षण. १९५२ साली त्याने लोटस कंपनी उभी केली. त्या काळच्या इंग्रज स्पोर्ट्स गाड्या म्हणजे कडक पाटे आणि त्याखाली लवचिक सांगाडा. सांगाडाच पिळवटत असल्यामुळे स्प्रिंगा कितीही जुळवा, काही उपयोग नाही. तरी लोक म्हणत, स्पोर्ट्स गाडी आहे, हाणणारच! (आपल्याकडे नाही का, औषध कडू असल्याशिवाय गुण येतो यावर कुणाचा विश्वास बसत नाही.) चॅपमन बांधकामवाला. त्याने उलट केले: सांगाडा ताठ, स्प्रिंगा मऊ, आणि त्यांना आवर घालायला चांगले शॉकअप. शिवाय गाडी वजनाने हलकी. १९६२ ची 'इलान' ७०० किलोहूनही कमी भरे. मधोमध पोलादी कण्यासारखी एक तुळई, वर फायबरचे अंग, आणि चाकांना वरखाली व्हायला भरपूर वाव. त्याच वर्षीच्या 'लोटस २५' या शर्यतीच्या गाडीत त्याने चालकाला जवळजवळ आडवे निजवले. पुन्हा तेच, माणूस खाली न्या, स्प्रिंग नको. ती घेऊन जिम क्लार्कने १९६३ साली दहापैकी सात शर्यती मारल्या आणि जगज्जेता झाला.

चॅपमन काही संत नव्हता. हलकेपणाच्या नादात त्याच्या गाड्या मोडत, आणि १९७० साली मोंझाला योखेन रिंट लोटसमध्येच गेला. हे विसरून त्याचा पोवाडा गाता येणार नाही. पण गाडीखालचे गणित त्याच्याइतके फार थोड्यांना उमगले.

आणि याच माणसाने पुढे सगळ्यांच्या पाठी मोडायची सोय केली, ही गंमत. १९७७ ची 'लोटस ७८' आणि १९७८ ची 'लोटस ७९' यांच्या बगलांचा खालचा भाग विमानाच्या उलट्या पंखासारखा केला होता. गाडी आणि जमीन यांच्यातल्या अरुंद फटीतून वारा जोरात जाई, तिथला दाब घटे, आणि गाडी रस्त्याला चिकटून बसे. कडेने वारा आत शिरू नये म्हणून जमिनीला टेकणाऱ्या झालरी. मारिओ आंद्रेत्ती १९७८ चा जगज्जेता झाला आणि बाकीच्यांनी नक्कल सुरू केली. आता ती फट कायम तेवढीच राहायला हवी. गाडी मऊ स्प्रिंगवर डुलली की फट बदलणार आणि चिकटणे सुटणार. म्हणून स्प्रिंगा कडक, अजून कडक, जवळजवळ दगडच. मघाचा हिशेब पुढे नेलात तर मिनिटाला ३०० झोक्यांसाठी स्प्रिंग एकच सेंटीमीटर दबते!

१९८१ साली नियम करणाऱ्यांनी सरकत्या झालरी बंद केल्या आणि गाडी जमिनीपासून किमान ६ सेंटीमीटर वर हवी असे ठरवले. मोजणार कधी? गाडी उभी असताना. ब्रॅबमच्या गॉर्डन मरेने यातली फट लगेच ओळखली. त्याने हवा आणि तेल यांवर चालणारी अशी रचना केली की वेगात वाऱ्याच्या दाबाने गाडी खाली बसे, आणि वेग कमी झाल्यावर सावकाश वर येई. मोजायला आलेल्या माणसाला चोख ६ सेंटीमीटर. गाडी धावताना टेकलेली आहे हे सगळ्यांना दिसत होते. तरी ती चालली, आणि नेल्सन पिके त्या वर्षीचा जगज्जेता झाला. मग इतरांनी सरळ कळ दाबून खाली-वर होणाऱ्या गाड्या आणल्या. चालकांचे हाल काय झाले असतील याची कल्पना करा. डोके गदगदा हलते आहे, नजर ठरत नाही, आणि वेग ताशी अडीचशेच्या पुढे.

चॅपमनने तेव्हा जो विचार केला, तो मला या सगळ्या इतिहासातला सर्वांत सुंदर वाटतो. खाली राहण्याची गरज कोणाला आहे? वरच्या कवचाला. मऊपणाची गरज कोणाला? चालकाला आणि यंत्राला. मग दोघांना एका स्प्रिंगवर का नांदवता? वेगळी चूल मांडून द्या! 'लोटस ८८' मध्ये दोन चॅसी होत्या, एकीच्या आत दुसरी. बाहेरची वाऱ्याचा भार घेऊन थेट चाकांच्या आधारांवर दबून बसे. आतली, म्हणजे चालक, इंजिन वगैरे, स्वतःच्या मऊ स्प्रिंगांवर. आतला सांगाडा कार्बन आणि केवलारचा. गाडी भुईला टेकलेली आणि माणूस सुखात, हे तोवर शर्यतीत कुणाला जमले नव्हते.

मार्च १९८१ मध्ये अमेरिकेत लाँग बीचला ती सरावाला उतरली आणि बाकीच्या संघांनी हरकत घेतली. म्हणे, वाऱ्याचा भार घेणारा भाग गाडीला घट्ट जोडलेला हवा, आणि इथे तर तो हलतो. चॅपमनचे म्हणणे, बाहेरची चॅसी हीदेखील स्प्रिंगवरची चॅसीच आहे, एकच असावी असे लिहिले आहे कुठे? ब्राझील, अर्जेंटिना, सगळीकडे नकार. जुलैत इंग्लंडमध्ये सिल्व्हरस्टोनला स्थानिक संस्थेने होकार दिला, तर वरच्या संस्थेने तो फिरवला. त्या गाडीने एकही शर्यत धावली नाही. नियमांवर बोट ठेवून वाद घालणारी पोरे मी वर्गात पुष्कळ पाहिली, तेव्हा चॅपमनचा कावा मला कळतो. पण मोजणी संपताच खाली बसणारी गाडी चालते, आणि चालकाची पाठ वाचवणारी चालत नाही, हा न्याय मला अजून पटलेला नाही.

चॅपमन १६ डिसेंबर १९८२ रोजी हृदयविकाराने गेला. वय ५४. त्याच सुमारास लोटसमध्ये पीटर राइट आणि मंडळी पुढचे पाऊल टाकत होती. स्प्रिंगच्या कामासाठी तेलाच्या दाबावर चालणारे दट्टे, आणि त्यांना क्षणोक्षणी हुकूम देणारा संगणक. खड्डा आला की चाक वर ओढून घ्यायचे, गाडी मात्र आहे त्या उंचीवर. १९८३ च्या आरंभी नायजेल मॅन्सेलने ती गाडी दोन शर्यतींत चालवली. जड होती, जमली नाही. १९८७ मध्ये सुधारून आणली, तेव्हा आयर्टन सेनाने मोनॅको आणि डेट्रॉइट लागोपाठ जिंकल्या. डेट्रॉइट म्हणजे शहरातले खडबडीत रस्ते. तिथे सेनाने शेवटपर्यंत टायरसुद्धा बदलले नाहीत. आणि आघाडीवर असलेला मॅन्सेल, आता विल्यम्सच्या साध्या स्प्रिंगांच्या गाडीत, पायात गोळा येऊन पाचवा आला. त्यानेही धडा घेतला असावा, कारण १९९२ मध्ये विल्यम्सच्या संगणकी गाडीतूनच तो जगज्जेता झाला. १९९४ पासून ही व्यवस्थाही शर्यतीत बंद.

रस्त्यावरच्या गाड्यांना मात्र अशी बंदी नव्हती. फ्रान्सच्या सित्रोएनने तर १९५५ सालीच पोलादी स्प्रिंगऐवजी नायट्रोजनचे गोळे बसवून, ओझे कितीही असो उंची कायम, अशी गाडी आणली होती. २००२-०३ पासून कॅडिलॅक आणि कॉर्व्हेटमध्ये असे शॉकअप आले की त्यांच्या तेलात लोखंडाचे बारीक कण असतात, वीज सोडली की तेल घट्ट होते. स्प्रिंग बेताची मऊ, आणि कडकपणा लागेल तेवढाच, लागेल तेव्हा. नातवाला मी सांगितले, इतका खर्च परवडत नसेल तर गाडी दोन बोटांपेक्षा जास्त खाली आणू नकोस, स्प्रिंग आणि शॉकअप एकमेकांच्या मापाचे जोडीने घे, आणि करवत ठेवून दे. तरी सोसायटीच्या गतिरोधकावर पोट घासणारच, त्याला इलाज नाही.

२०२२ साली फॉर्म्युला वनमध्ये ते उलट्या पंखाचे तळ नियमाने परत आले. त्याबरोबर कडक स्प्रिंगाही आल्या, आणि सरळ रस्त्यावर गाड्या माशासारख्या उसळू लागल्या. त्या जूनमध्ये बाकूच्या शर्यतीनंतर लुईस हॅमिल्टन पाठ धरून कसाबसा गाडीबाहेर आला. सात वेळा जगज्जेता झालेला माणूस, आमच्या वयाच्या माणसासारखा वाकून. मग उसळण्याला मर्यादा घालणारे मोजमाप ठरले, आणि २०२३ साठी गाड्यांच्या तळाच्या कडा १५ मिलिमीटर वर उचलायला लावल्या.