शिक्षक कुठे रमतो? शाह ताहिर आणि निजामशाहीतलं नगर

शिक्षक समाधानी कशाने होतो असं विचारलं की पगार, मान, संस्थाचालकाचा स्वभाव ही उत्तरं येतात. आपल्या नगरच्या, म्हणजे आताच्या अहिल्यानगरच्या इतिहासात पाचशे वर्षांपूर्वी हे सगळं घडलेलं दिसतं.

शाह ताहिर इराणात काशानला शिकवत होते. त्यांच्याकडे विद्यार्थ्यांची रीघ लागली, आणि तीच अंगाशी आली. दरबारात कान भरले गेले, जिवावर बेतलं, तेव्हा ते हिंदुस्थानात आले. विजापुरात कुणी विचारलं नाही. शेवटी परांड्याच्या किल्ल्यात ते थांबले.

आता गंमत बघा. बुऱ्हाण निजामशाहाचे गुरू पीर मुहम्मद शिरवानी सरकारी कामासाठी परांड्याला गेले, आणि शाह ताहिरांकडे टॉलेमीचा खगोलशास्त्रावरचा ग्रंथ शिकत वर्षभर तिथेच राहिले! स्वतः गुरू असलेला माणूस पुन्हा विद्यार्थी झाला. परतल्यावर त्यांनीच शिफारस केली आणि १५२२ मध्ये शाह ताहिर नगरला आले. किल्ल्यातल्या मशिदीत ते आठवड्यातून दोन दिवस व्याख्यान देत. सुलतान स्वतः येऊन शेवटपर्यंत बसे. शिक्षकाला आणखी काय हवं असतं हो?

पुढे बुऱ्हाणने शिया पंथ स्वीकारला आणि किल्ल्यासमोर विद्यालय उभं केलं. आपण त्याला बारा इमाम कोठला म्हणतो. त्याच्या खर्चासाठी गावांचा महसूल लावून दिला. म्हणजे पगाराची, जेवणाची सोय झाली. पण फरिश्ता लिहितो की सुन्नी विद्वानांचे वजिफे काढून ते शियांना दिले गेले. एकाचं भाग्य उजळलं ते दुसऱ्याच्या ताटातलं काढून. फरिश्ताच्या घरातही हाच पेशा होता, बरं का. त्याचे वडील शहजादा मिरान हुसेनला फारसी शिकवायला नेमले होते. त्यामुळे दरबारी शिक्षकाची अवस्था त्याला परकी नव्हती.

यात सर्वात जास्त दुखावले गेले ते पीर मुहम्मदच. ज्यांना त्यांनी आणलं, त्यांच्यामुळेच त्यांची जागा गेली. त्यांनी बंड केलं, लोक जमवून किल्ल्यावर चालून गेले, आणि पकडले गेले. बुऱ्हाण त्यांना ठार मारणार होता. मध्ये पडले शाह ताहिर. जीव वाचला, कैद झाली, आणि चार वर्षांनी त्यांच्याच रदबदलीने पीर मुहम्मद सुटले.