नाच्याला हसायचं कुणी?

'नटरंग' मी पहिल्यांदा पाहिला तो 2010 च्या दिवाळीत, एका मित्राच्या बेसमेंटमध्ये, डीव्हीडीवर. पॉटलक आटोपलं होतं, मुलं वर खेळत होती आणि आम्ही पंधरा-वीस जण सतरंजीवर पसरलो होतो. गुणा कंबर लचकवत आला तेव्हा सगळे खो-खो हसलो. मीही. पुढे कुणीच हसेना. ती शांतता डोक्यातून गेली नाही, म्हणून हा लेख.

तमाशापटात काय बघायला मिळणार, हे आमच्या पिढीला तिकीट काढतानाच ठाऊक असे. ढोलकी, फड, गावातला कुणी प्रतिष्ठित, त्याला भुलवणारी किंवा त्याच्यापायी पोळलेली नर्तकी, आणि मधूनमधून हशा पिकवणारा सोंगाड्या. 1947 च्या 'लोकशाहीर राम जोशी'नं वाट घालून दिली. मग 1959 साली अनंत माने यांचा 'सांगत्ये ऐका' आला आणि पुण्याच्या 'विजयानंद'मध्ये 131 आठवडे चालला. (त्यातले किती आठवडे आमचे मामा तिथे होते, हे मामींना शेवटपर्यंत कळलं नाही.) एवढं यश पाहिल्यावर फडाशिवाय चित्रपट काढायचा कुणी!

शांतारामबापूंच्या 'पिंजरा'त (1972) तर आदर्श मास्तरच फडाच्या नादी लागतो. 'द ब्लू एंजल' या 1930 च्या जर्मन चित्रपटाची सावली त्यावर आहे, पण शेवट पाहा: गाव मास्तरांना मेलेलं समजून त्यांचा पुतळा उभारतं आणि जिवंत मास्तर स्वतःच्याच खुनाबद्दल फासावर जातात. डॉ. लागूंचा तो चेहरा विसरता येत नाही.

या सगळ्या गर्दीत सोंगाड्या मात्र कडेलाच राहिला. गौळणीतली मावशी पुरुषानं करायची आणि आपण हसायचं, हा ठरलेला व्यवहार. खेळ संपल्यावर तो माणूस कुठे जातो, हे कुणी विचारलं नाही.

1992 साली डॉ. जब्बार पटेल यांनी ते विचारलं. 'एक होता विदूषक'ची पटकथा पु. लं.ची आणि सोंगाड्या लक्ष्मीकांत बेर्डे! आम्ही हसायला म्हणून गेलो आणि गप्प होऊन बाहेर पडलो. पैसे फुकट गेले म्हणून माझा एक मित्र बराच वेळ कुरकुरत होता. तमाशातून सिनेमात आणि तिथून राजकारणात गेलेला आबूराव आम्हाला नको होता, आम्हाला 'लक्ष्या' हवा होता. चूक आमची होती, असं आज वाटतं.

रवी जाधव यांचा 'नटरंग' 1 जानेवारी 2010 रोजी प्रदर्शित झाला. मूळ कादंबरी आनंद यादवांची. गुणा शेतमजूर, अंगापिंडानं पैलवान. विहिरीवर पंप बसतो, मोटेवरचं काम जातं, म्हणून तो फड काढतो. त्याला व्हायचं असतं राजा. पण नाच्या असल्याशिवाय नर्तकी उभी राहायला तयार नाही आणि नाच्या व्हायला कुणी तयार नाही. शेवटी गुणाच होतो. अतुल कुलकर्णींनी आधी पैलवानाचं शरीर कमावलं, मग ते उतरवलं, आणि ते आपल्या डोळ्यांदेखत घडतं. जुन्या तमाशापटात शरीराची किंमत नर्तकी मोजायची, इथे ती पुरुष मोजतो. त्याची विटंबना होते, घर तुटतं. आणि अजय-अतुलच्या ढोलकीवर ठेका धरलेले आपण त्या विटंबना करणाऱ्यांच्याच रांगेत बसलेले असतो.

2022 च्या 'चंद्रमुखी'त पुन्हा राजकारणी आणि लावणी कलावंत आले. देखणा चित्रपट, पण ती वाट ओळखीची.

त्या रात्री माझी नऊ वर्षांची लेक आईस्क्रीम मागायला खाली आली. पडद्यावर गुणा मार खाऊन पडलेला होता. तिनं विचारलं, "बाबा, मघाशी तुम्ही सगळे यालाच हसत होतात ना?"

मी सतरंजीवर रिमोट शोधत राहिलो.