बंदुकीच्या आधी सुरी

कारंजा म्हटले की अनेकांच्या डोळ्यांपुढे वाशीम जिल्ह्यातले कारंजा (लाड) येते. आमचे कारंजा घाडग्यांचे. वर्धा जिल्ह्यातले, नागपूर-अमरावती रस्त्यावरचे. आग्नेयेला बोरचे जंगल. इथल्या जुन्या घरांत आजही शिकारीच्या गोष्टी निघतात आणि एखादा पोरगा हमखास विचारतो, 'नवखा शिकारी आधी काय घ्यायचा?' थोरांचे उत्तर ठरलेले असते : बंदूक. आमचे वाचन मात्र निराळे उत्तर देते.

'बंदूक' हा शब्दच पाहा. अरबीत 'बुंदुक' म्हणजे एक कठीण कवचाचे फळ आणि त्याच्या आकाराची मातीची गोळी. अशा गोळीच्या माराने मेलेली शिकार हजरत इब्ने उमर यांनी ठेचून मेलेल्या जनावरात मोजली, अशी नोंद बुखारीत आहे. पुढे दारूची बंदूक आली तेव्हा अनेक हनफी उलेमांनी शिशाच्या गोळीलाही तोच नियम लावला. काहींनी वेगळे मत दिले. पण सामान्य मुसलमान शिकाऱ्याने धडा घेतला तो एवढाच : जनावरात प्राण आहे तोवर त्याच्यापर्यंत पोहोचायचे आणि जबीहा करायचा. म्हणून त्याच्या सामानात पहिली वस्तू धारदार सुरी. जिथवर आपण धावत पोहोचू शकतो, तिथवरच बार टाकायचा, ही मर्यादाही त्या सुरीनेच घातली.

आम्ही अभिमानाने सांगतो तो इतिहास मात्र बादशहांचा असतो. अकबराच्या 'संग्राम' नावाच्या बंदुकीने १,०१९ जनावरे मारल्याचे अबुल फजल लिहितो. जहांगीरने तर आपल्या राज्याच्या अकराव्या वर्षापर्यंतचा हिशेब आत्मचरित्रात मांडला : समोर पडलेली जनावरे २८,५३२, त्यांतली स्वतः मारलेली १७,१६७. हा हिशेब हत्ती, हाकारे आणि फौजेच्या बळावरचा. त्याच्याशी वर्ध्याच्या रानातल्या गरीब शिकाऱ्याचे नाते जोडणे म्हणजे आपल्याच माणसाला विसरणे होय.

त्याच्याजवळ काय असे? ठासणीची बंदूक. नळीत आधी दारू, मग चिंधीचा बोळा, मग गोळी; गजाने ठासायचे आणि घोड्याखाली केप बसवायची. पावसात दारू ओली झाली की बार फुसका. चुकले तर पुन्हा भरायला वेळ लागणार आणि समोर रानडुक्कर असेल तर तो वेळ मिळणार नाही. म्हणून सुरीच्या जोडीला हवी सोशिकता. शिवाय पाण्याची छागल, दोर, कंदील आणि वाटाड्या. १८६२ साली वर्धा जिल्हा झाला आणि १८७८च्या शस्त्र कायद्यानंतर आणखी एक वस्तू आली : परवाना. जंगल खात्याचा शिकारीचा पासही लागू लागला. पुढे काडतुसाची बारा बोअर आली. भरणे सोपे झाले, तसा उतावळेपणाही वाढला. मोठ्या जनावरावर छर्रे झाडायचे आणि ते जखमी होऊन झाडीत गेले की घरी परतायचे, याला जुने शिकारी शिकार म्हणत नसत.

नवख्याच्या पहिल्या बंदुकीची सर्वांत मोलाची गोष्ट मुंबईची आहे. १९०८च्या सुमारास सलीम अली नावाच्या मुलाने एअरगनने एक चिमणी पाडली. तिच्या गळ्यावर पिवळा डाग होता. ही खाण्याजोगी का, असा प्रश्न पडून तो ती शिकारीचे शौकीन असलेल्या मामाकडे, अमिरुद्दीन तय्यबजींकडे घेऊन गेला. मामांनी त्याला बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीकडे पाठवले. तिथल्या मिलर्ड साहेबांनी पक्षी ओळखला, जतन केलेल्या पक्ष्यांचे कपाट उघडून दाखवले आणि भारताला पक्षितज्ज्ञ मिळाला. बंदूक चालवल्यावरही थांबून प्रश्न विचारणे हेच त्या मुलाचे खरे सामान होते.

आता काळ बदलला. १९७० साली बोर अभयारण्य झाले, १९७२ साली वन्यजीव संरक्षण कायदा आला आणि २०१४ साली बोर व्याघ्र प्रकल्प झाला. शिकार हा गुन्हा ठरला आणि ते योग्यच झाले. पण रान आणि माणूस यांचा झगडा मिटलेला नाही. संत्र्याच्या बागेत, तुरीच्या वावरात रानडुकरे घुसतात. शेतकऱ्याचे नुकसान खरे आहे. भरपाईचा अर्ज, सौर कुंपण, रात्रीची राखण हे मार्ग कष्टाचे. त्यामुळे कोणी तरी तारेत वीज सोडतो. विदर्भात अशा तारांनी वाघही मेले आहेत आणि माणसेही.

त्या तारेकडे पाहून आम्हांला ती सुरी आठवते. शिकारी नियत करतो, अल्लाहचे नाव घेतो, समोर काय आहे ते पाहतो आणि मगच हात उचलतो. तार काहीच पाहत नाही. गाभण हरिणी, शेजाऱ्याचा बैल, शाळेतून परतणारे पोर, तिला सगळे सारखे.

तेव्हा रानात पहिल्यांदा जाणाऱ्या आमच्या मुलांना आम्ही सांगू : बोरला जा, पास काढा, पाणी घ्या, दुर्बीण आणि वही घ्या, वाटाड्याचे ऐका. बंदूक आजोबांच्या गोष्टीत राहू द्या. सुरीने शिकवलेली मर्यादा मात्र सोबत असू द्या.